चारची भूक

इंगुन,

कॉड मासा आणि बटाटे झाकून ठेवले आहेत. लोणी खिडकीशी आहे. मी चारला जेवलो आणि बोटीचे दोर बघायला धक्क्यावर चाललो आहे.

तू रागावशील. तुझी आई गेल्यापासून माझ्या जेवणाला ठरलेली वेळ राहिली नव्हती. त्यात उत्तरेच्या या हिवाळ्यात सूर्य उगवत नाही, म्हणून झोपही येत नव्हती. तू म्हणालीस, "बाबा, पोटालाही घड्याळ असतं. रोज सातला माझ्याबरोबर जेव. भुकेचं हार्मोन ती वेळ शिकेल, झोपही ताळ्यावर येईल." मी ऐकलं. तुझं खरं निघालं. आता झोप लागते.

पण काल चार वाजून गेले आणि मला भूकच लागली नाही.

अंधाराच्या दिवसांत तुझी आई चारला दारातून ओरडायची, "रायदार, सूर्य रजेवर गेलाय, बटाटे नाही गेले!" ती गेल्यावर हाक बंद झाली, तरी चारला पोट मागायचंच. खायचो नाही, पण भूक यायची. तिने लावलेलं तेवढंच माझ्यात चालू होतं. ते आपण दोघांनी मिळून मोडलं. तुझा दोष नाही.

आज भूक नसताना जेवलो. चव कळली नाही. उद्याही चारलाच जेवेन. शिकवलं की पोट शिकतं, हे तूच सांगितलंस.

सातपर्यंत येतो. तू जेवशील तेव्हा समोर बसेन. माझं ताट मांडू नकोस.

बाबा