एनिडच्या गुडघ्यासाठी बाथरूम

आदरणीय (हा शब्द माझा मित्र क्लॅरी याने सुचवला, मला दुसराच सुचत होता) थेल्माताई यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा, एनिडचा, नवरा मर्व्ह याचा इंगमहून नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? पोटातला वात? तुमचा काकाकुवा अजून पाद्रीबुवांना शिव्या देतो का? देत असेल तर माझ्याकडून त्याला एक बिस्कीट द्या.

एनिडचा नवा गुडघा बसल्यापासून तुम्ही तिला टाउन्सव्हिलला ठेवून घेतलंत, हे उपकार मी विसरणार नाही. (तुम्ही विसरू देणारही नाही.) बाथरूममध्ये पाय घसरणार नाही आणि धरायला भक्कम दांडा असेल तरच तिला घरी न्यायचं, ही हॉस्पिटलची अट. त्यावर तुम्ही फोनवर म्हणालात, "मर्व्हच्या बाथरूममध्ये मी कुत्रंसुद्धा धुणार नाही." मला ते लागलं. थोडक्यात, बायको परत हवी तर बाथरूम सुधारणं भाग होतं.

नळाच्या कामाला हात लावायचा नाही, ते लायसनवाल्या प्लंबरचं काम. आमचा प्लंबर बारामुंडी धरायला गेलाय आणि मासे गळाला लागताहेत तोवर तो येत नाही. तेव्हा तोडफोड न करता जे जमेल ते करायचं ठरवलं. शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजतात, ते खायला गेलो आणि भिंतीवरच्या फरशांना लावायचा पांढरा रंग घेऊन आलो. डब्यावर लिहिलं होतं, खिडकी उघडी ठेवा. ठेवली. पावसाळ्यात आमच्या कमोडच्या कडेखाली कोण राहतं हे डबा बनवणाऱ्याला कुठून माहीत असणार! तो हिरवा बेडूक (एनिड त्याला बिशप म्हणते, कारण तो बसल्या जागेवरून सगळ्यांकडे नापसंतीने बघतो) संध्याकाळी बाहेर पडला, खिडकीतून आलेल्या नातेवाइकांना भेटला, आणि सगळं गोत ओल्या रंगावरून छतापर्यंत फिरून आलं. सगळ्यांना धरून पावसाच्या पाण्याने धुताना माझी कंबर गेली. बिशपचं पोट अजून थोडं पांढरं आहे, पण त्याला ते शोभतं.

मग दांडा. आमच्या भिंती म्हणजे एकेरी फळ्या, हे तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही मुक्कामाला असता तेव्हा तुमचं घोरणं मला शब्दशः ऐकू येतं.) पण स्क्रू घेताना माणसाला भिंतीची जाडी आठवत नाही, बायको आठवते. मी लांबलचक, मजबूत स्क्रू घेतले आणि जोर लावला. पलीकडे स्वयंपाकघरात क्लॅरी त्याच भिंतीला पाठ टेकून बिअर पीत उभा होता.

"अरे मर्व्ह्या, थांब! माझ्यात आधीच पुरेशी भोकं आहेत!"

पाठीला आयोडीन लावून घेतल्यावर त्यानेच अक्कल शिकवली. स्वयंपाकघराच्या बाजूने जाड फळी लावली, आरपार बोल्ट घातले, नट आवळले. मग क्लॅरी दोन्ही पाय उचलून दांड्याला लोंबकळला. दांडा हलला नाही. घर हललं, पण ते खांबांवर उभं आहे, वारा आला तरी हलतं. शिवाय खाली खडबडीत रबर अंथरलं, कमोडची बैठक उंच केली आणि शॉवरखाली पाय न सरकणारं स्टूल ठेवलं.

हॉस्पिटलची ब्रिजेट तपासायला आली. दांडा ओढून पाहिला, रबरावर ओल्या पायाने उड्या मारल्या. मग भिंतीवर उमटलेली बेडकांची पावलं बराच वेळ निरखून म्हणाली, "ही नक्षी कुठे मिळते हो?"

"घरचीच आहे," मी म्हणालो.

तिने एनिडला घरी यायला परवानगी दिली. हे तुम्हाला तिने कळवलंच असेल. तरीही तुम्ही एनिडला ख्रिसमसपर्यंत ठेवून घेणार म्हणता. ठेवा. तुमची बहीणच आहे. मला काही घाई नाही.

तुमचा आज्ञाधारक,
मर्व्ह

ता.क. घाई नाही हे साफ खोटं आहे. मला घर खायला उठतं. दोन कप चहा ओततो आणि दुसऱ्यातला फेकतो. काल बिशपशी फुटबॉलवर बोललो. तो ऐकून घेतो, पण एनिडसारखा वाद घालत नाही.

ता.ता.क. काल एनिडने तुमच्या बाथरूममध्ये दार लावून कुजबुजत फोन केला. "मर्व्ह, ही बया मला लापशी भरवते रे. तू अंगणात पाइपने आंघोळ घातलीस तरी चालेल, पण मला इथून ने." तेव्हा हे पत्र पोस्टाने येणार नाही. तुम्ही केस सेट करायला गेलात की मी ते तुमच्या किटलीखाली ठेवणार आहे. इथवर वाचून झालं असेल तर जरा एनिडच्या मागच्या खोलीत डोकावा. काठी दिसते का तिची?