ऑर्व्हिल, रायफल कशानं बिघडली ते सांग

ऑर्व्हिल, रायफल नेलीस तेव्हा ती धड होती. परत आणलीस ती बिघडवून, शिवाय जाताना माझी मक्याची भाकरी फडक्यात बांधून घेऊन गेलास. हे आधी बोलून टाकलं, आता रीत. थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत? (आयडेला, वाचून दाखवताना सावकाश वाच. त्याचा चष्मा हरवलाय तसं डोकंही हरवलंय.) मी आहे तशीच आहे, थकलेली.

माझा मांस ठेवायचा फ्रीझर उन्हाळ्यात मेला. हरणांची शिकार तोंडावर आली आणि घरात खाणारी नातवंडं ही एवढी. यंदा फायर ब्रिगेडच्या नेमबाजीत पहिलं बक्षीस नवा फ्रीझर आहे, म्हणून या वयात मैदानात उतरले. तुला रीत ठाऊक आहे. शिट्टी वाजली की लोखंडी पाट्या भराभर पाडायच्या, आधी संपवेल तो जिंकला. घरामागे एकेक गोळी सावकाश झाडली तेव्हा रायफल गरीब गाईसारखी वागली. मैदानात भराभर चाप ओढला तर गोळी नळीत जायचं सोडून नाक वर करून मध्येच उभी. ती काढली तर पुढचीही तशीच. शेजारून बूला स्टिडम म्हणते, "मॉडी, तुझ्या बंदुकीला झोप लागली का गं?" मी म्हटलं, "तुझं तोंड चालू असताना तिला कसली झोप लागतेय." बाकीचे माझ्याहून वाईट निघाले म्हणून मी अंतिम फेरीत गेले. ती या शनिवारी.

मग आमच्या जावयानं, थर्मननं, दुरुस्ती हातात घेतली. (हा माणूस नळ दुरुस्त करतो तेव्हा आम्ही ओढ्यावरून पाणी आणतो.) आधी म्हणाला, कोरडी पडलीय. एवढं तेल ओतलं की त्यात मासे तळले असते. त्या तेलात बंदुकीच्या दारूची काजळी बसून चिखल झाला. तो मीच पुसला. मग म्हणाला, गोळ्या हलक्या आहेत. चांगल्या आणल्या, त्याही तशाच उभ्या राहिल्या. मग मॅगझीनमधली गोळ्या वर ढकलणारी स्प्रिंग बदलली. शेवटी म्हणतो, "आई, राग मानू नका, पण तुमचं बोटच लटपटतंय." त्या रात्री त्याला घेवड्याचं वरण मिळालं, भाकरी नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीत शेंगा मोडत बसले होते, मॅगझीन मांडीवर. बघते तर गोळी धरून ठेवायचे वरचे दोन ओठ असतात ना, त्यातला एक बाहेर फाकलेला. सावकाश झाडलं तर गोळी कशीबशी टिकते, भराभर झाडलं की हादऱ्यानं वेळेआधीच उडी मारते. ओठाच्या आतल्या बाजूला चरे होते आणि चऱ्यांत सोनेरी रंग. तसला रंग बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाला असतो. तू लहानपणापासून हाताला येईल त्यानं बाटली उघडतोस, बाबांच्या दाराची बिजागरी त्यातच गेली. आणि आयडेला तुला आणून देते त्या सरबताला फिरवायचं झाकण असतं, ऑर्व्हिल. ईस्टरला सगळ्या चर्चसमोर ओढ्यात उभा राहून बिअर सोडल्याची शपथ कोणी घेतली होती? मी काठावर तुझे बूट धरून उभी होते.

फाकलेला ओठ पकडीनं दाबला, तर आता एकही गोळी वर येत नाही.

तुझी थोरली बहीण,
मॉडी

ता. क. रायफलबरोबर नेलेलं दुसरं मॅगझीन तुझ्या ट्रकच्या खणात आहे. माझं आहे ते. शुक्रवारपर्यंत इथं हवं.

आणखी ता. क. आयडेला, पोरी, इथवर मोठ्यानं वाचलं असशील तर आता मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघ. मग ट्रकचा खण तू स्वतः उघड. मॅगझीनशेजारी जे सापडेल ते तुझ्या मर्जीनं ओत, मॅगझीन मात्र जपून आण. ऑर्व्हिल, तू गप्प बस. उत्तर आयडेलानं द्यायचं.