खुणेपर्यंत पाणी

४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगते आहे आणि इथल्या नर्सबाई लिहीत आहेत, तेव्हा अक्षर वळणदार दिसलं म्हणून घाबरू नकोस. ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यातला सुटलेला पडदा डॉक्टरांनी जागेवर बसवलाय आणि तो तिथेच चिकटावा म्हणून आत वायूचा बुडबुडा भरलाय. बुडबुडा वर चढतो, म्हणून मी पालथं पडून राहायचं. जेवतानाही मान खाली, बोलतानाही मान खाली. डोळा उघडला तर धुरकट उजेड, दुसरं काही नाही. उजवा तर लहानपणापासून शोभेचाच. डावा टिकला तर पुन्हा कवळ्या बनवायला बसेन. नाही टिकला तर काय, असं विचारलं की डॉक्टर ‘बघू’ म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना हा शब्द वापरायची बंदी असावी.

आता कामाचं. माझ्या घरी काचेच्या पेटीतल्या समुद्रफुलाकडे रोज जाऊन येण्याचं तू कबूल केलं आहेस. एकोणीस वर्षं ते माझ्याकडे आहे. पेटीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. काचेवर लाल खूण आहे, तिथपर्यंत भरत जा. पाण्याचे कॅन टेबलाखाली आहेत. आठवड्यातून दोनदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा चिमट्याने दे. दिवे आपोआप लागतात. बाकी कशाला हात लावू नकोस, आणि ते कसं दिसतं ते मला वरचेवर लिही. डोळा परत आला तर मला पहिल्यांदा तेच पाहायचंय. तेवढं जिवंत ठेव.

वहिनीला नमस्कार. तुझा मायेचा हात माझ्या डोक्यावर राहू दे, पेटीत घालू नकोस.

तुझी,
धाकटी

लिहिणारीची पुस्ती : बाई पालथ्या पडूनही हुकूम सोडतात. पण नियम पाळणारा एवढा शहाणा पेशंट मी पाहिला नाही.

११ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाईसाहेबांची भेट घेतली. फूल म्हणावं असं मला त्यांच्यात काही दिसलं नाही. दगडावर कुणीतरी फरशी पुसायचं ओलं फडकं विसरून गेलंय आणि ते श्वास घेतंय, इतकंच. तुझ्या कपाटातलं समुद्रातल्या प्राण्यांचं पुस्तक चाळलं. डोकं नाही, डोळे नाहीत, कणा नाही, आणि एकच तोंड, त्यातूनच खायचं आणि त्यातूनच बाहेर टाकायचं. एवढ्या गुणांवर आमच्या शाळेच्या व्यवस्थापन मंडळात माणसं तीन-तीन वेळा निवडून आली.

वर्णन हवंय म्हणून देतो. रंग जुन्या विटेसारखा. शंभरेक बोटं, प्रत्येकाच्या टोकाला फुगीर बोंड, त्यावर गुलाबी ठिपका. काल तुकडा दिला. चिमटा टेकला मात्र, पाच-सहा बोटं वळली, त्यांनी तो शेजारच्या बोटांकडे दिला आणि हातोहात आत नेला. हे ठरवलं कुणी, ते मला समजलं नाही. मी जरा मागे सरकलो. हे वहिनीला कळवायची गरज नाही.

पाण्याची काळजी सोड. एकतीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं, द्रावणं करण्यातच जन्म गेला.

वहिनीने विचारलंय म्हणून विचारतो, दुखतं का? कळव. माया आहेच, ती पोस्टाने पाठवायची गरज पडावी असं नव्हतं.

तुझा,
दादा

१७ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नर्सबाईंनी मोठ्याने वाचलं. शेजारच्या दोन खाटांवरच्या बायकाही ऐकतात, त्यांना आमच्याइतकीच करमणूक कमी. फडक्यावरून खोलीत तुझ्याबद्दल मत वाईट झालं आहे.

दुखत नाही. मान अवघडते. वहिनीला सांग, मी दिवसभर डोकं झुकवून असते, तिला हे दृश्य बघायला मिळत नाही याचं वाईट वाटतं.

दुपारी चारच्या सुमाराला जाऊन बस. खिडकीतून तिरपा उजेड पेटीत शिरतो. पेटीतल्या बाईला डोळे नाहीत हे खरं, पण तो उजेड कुठून आला ते तिला बरोबर कळतं. बोटं त्या बाजूला वळतात. कसं कळतं ते मला एकोणीस वर्षांत उमगलेलं नाही. तू मास्तर, बघ तुला उलगडलं तर.

आमच्यावरची तुझी मर्जी टिकावी, माझ्यावर आणि फडक्यावरही.

तुझी,
धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बाईसाहेब अगदी मजेत. काय तो डौल. जणू सागरतळीचा मखमली गालिचाच कुणी अलगद उलगडून ठेवावा. मंद लहरींवर झुलणारी त्यांची कोवळी बोटं पाहून मन प्रसन्न होतं. तू अगदी निश्चिंत राहा.

घरची मंडळी ठीक. वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तो वहिनीपेक्षा कमी. तुझ्या खिडकीची कडी ढिली झाली होती, ती बसवली. मिठाचा डबा तळाला गेला होता, नवा मागवून ठेवलाय, तेव्हा तीही चिंता नको.

स्वतःला जप, आणि आमची आठवण ठेवत जा.

तुझा,
दादा

६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऐकून खोलीतल्या बायकांनी वाहवा केली. मी ते दोनदा वाचायला लावलं. मखमली गालिचा? लग्न ठरल्यावर वहिनीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तू हवामान कळवलं होतंस. तुझ्या हातून मखमल लिहिली गेली म्हणजे काहीतरी लपवलं जातंय.

आणि मिठाचा डबा उघडलाच का? जुनं पाणी काढून नवं भरायचं असेल तेव्हाच तो लागतो, आणि ते काम मी तुला सांगितलेलं नाही. दादा, रोज भरतोस ते पाणी तू मीठ घालून भरतोयस का?

उडून जातं ते पाणी. मीठ मागेच राहतं. हे तूच मला बशीत मीठपाणी घालून, उन्हात ठेवून दाखवलं होतंस, मी आठवीत असताना. कॅनमधलं साधं पाणीच खुणेपर्यंत घालायचं होतं. तसं स्पष्ट सांगितलं नाही ही चूक माझी. रसायनशास्त्राच्या मास्तरला काय सांगायचं, असं वाटलं.

ती मिटली आहे ना? रंग गेलाय ना? खणात काचेची तरंगती नळी आहे, तिने खारटपणा मोज. मग सकाळी एक तांब्या पेटीतलं पाणी काढ आणि तेवढंच साधं पाणी घाल. संध्याकाळी पुन्हा एक. घाईने सगळं एकदम उतरवशील तर तो धक्का तिला सोसणार नाही. आणि मला खरं लिही. काय असेल ते.

तुझी,
धाकटी

पुस्ती : हे सांगताना बाईंनी मान वर केली नाही. मी मुद्दाम बघत होते. उशी मात्र बदलावी लागली.

१३ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

खरं लिहितो. जूनच्या शेवटापासून बाईसाहेब मिटल्या होत्या. ताटाएवढ्या होत्या त्या मुठीएवढ्या झाल्या, तोंड सैल उघडं पडलं. तू पालथी पडलेली, तुला कशाला सांगा, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरं कारण असं की, काय चुकतंय ते मला कळत नव्हतं आणि मला ते कबूल करायचं नव्हतं. मी लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, तराजूवर तोलून, रोज घातलं. इतकी अचूक चूक माझ्या एकाही विद्यार्थ्याला जमली नाही.

तुझं पत्र आल्यापासून तांब्या-तांब्याने पाणी उतरवतो आहे. नळी रोज किंचित खाली जाते. मधल्या वेळात करण्यासारखं काही नाही, म्हणून समोर बसतो. वहिनी डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, लग्नाला छत्तीस वर्षं झाली, माझ्याकडे इतका वेळ टक लावून कधी पाहिलं नाहीत. मी म्हटलं, तुझा खारटपणा मी कधी बिघडवला नाही. ती म्हणाली, ते तुम्हाला काय माहीत.

काल चारच्या उजेडात एक बोट बाहेर आलं. एकच. ते खिडकीकडे वळलं आणि थांबलं. धाकटे, त्याला डोकं नाही, मी कोण ते त्याला ठाऊक नाही, मी त्याचं काय केलं तेही नाही. त्याला फक्त उजेड कुठे आहे ते ठाऊक होतं. पाय बधिर झाला तरी मी उठलो नाही.

रागाव, पण पत्र पाठव.

दादा

२१ जुलै

चि. धाकटीस,

वाईट बातमी आहे. बाईसाहेब फाटल्या. गेला आठवडा रोज फुलत होत्या, रंग परत आला होता. काल सकाळी बघतो तो अंग ताणलेलं, आणि संध्याकाळपर्यंत दोन तुकडे. मी हात लावला नाही, शपथेवर सांगतो. माझ्याच्याने तुझं एवढं एक काम झालं नाही.

दादा

२६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर माझं आहे. ओळी चढतात आणि घसरतात, तरी माझ्या आहेत. पडदा चिकटलाय. बुडबुडा विरत चाललाय आणि डोळ्यात आता पाण्याची पातळी दिसते. खरोखर पातळी, मान हलवली की हिंदकळणारी. तिच्याखाली सगळं धूसर आणि वर जग. रोज ती रेघ केसभर खाली जाते. काल नर्सबाईंचं नाक दिसलं, आज हनुवटीही दिसली. डॉक्टर आता ‘बघू’ म्हणत नाहीत, ‘दोन आठवडे’ म्हणतात.

तू रडवेला होऊ नकोस. ती फाटली नाही, तिच्या दोघी झाल्या. ती अशीच वाढते. तू दिलेल्या धसक्याने झालं असेल किंवा पुन्हा बरं वाटलं म्हणून, ते कुणी सांगावं. आजवर चारदा झालं आणि चारही वेळा मी कवळ्या घासत कामावर. घरी यावं तो पेटीत दोन. एक ठेवायची, एक कुणाला तरी द्यायची. होताना मी कधीच पाहिलं नाही.

तू दिवसभर समोर होतास. मला सगळं लिही. मखमल नको.

तुझी,
धाकटी

३० जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पाहिलं तसं लिहितो.

सकाळी नऊला गेलो तेव्हा ती गोल नव्हती, लांबट होती. तोंडाची फट झाली होती. ज्याने ती दगड धरून बसते त्या पायाचं एक टोक डावीकडच्या दगडाला चिकटलेलं, दुसरं उजवीकडच्या. कुणी खेचत नव्हतं. पाणीही शांत होतं. तरी डावी बाजू डावीकडे चालली होती आणि उजवी उजवीकडे, तासाला बोटभर. इतकं सावकाश की बघताना दिसत नाही, पण घड्याळाकडे बघून परत पाहावं तर झालेलं असतं. मग मी घड्याळाकडे बघणं सोडलं.

दुपारपर्यंत मधला भाग इतका पातळ झाला की त्यातून मागचा दगड दिसायला लागला. मला ते मरण वाटत होतं, पण बोटं मात्र मिटली नव्हती. दोन्ही बाजूंची बोटं पाण्यात नेहमीसारखी हलत होती, जसं काही विशेष चाललेलंच नाही. वहिनी आली आणि कुरकुरणारा गुडघा दुमडून तासभर शेजारी बसली. या घटनेचीही नोंद घे. नंतर हळूच म्हणाली, त्या दोघी थकल्या असतील. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही मनात मघापासून दोघीच म्हणतोय. अंग अजून एकच होतं. मी कधीपासून दोघी म्हणायला लागलो ते मला आठवेना.

साडेचारला शिवणाच्या दोऱ्याएवढा एक धागा उरला. तो तुटेल तेव्हा आवाज होईल असं मला का वाटलं, देव जाणे. झाला नाही. दोन्ही टोकं हळूच आत ओढली गेली. प्रत्येकीची एक बाजू उघडी होती, उसवलेल्या बाहीसारखी. ती कड आतल्या आत वळत गेली आणि चार दिवसांत मिटली. आता दोघींना आपापलं तोंड आहे. काल दोघींना तुकडा दिला. डावीने लगेच घेतला, उजवीने विचार केल्यासारखं केलं आणि मग घेतला. विचार कशाने केला, ते विचारू नकोस.

एक मात्र तू आल्यावर विचारशील, म्हणून आधीच सांगून टाकतो. यातली एकोणीस वर्षांची तुझी कोणती आणि त्या दिवशीची नवी कोणती? मी सकाळी नऊपासून समोर होतो. दोरा तुटला त्या क्षणी पापणीही लवली नाही. मला सांगता येत नाही.

दोघी सुखरूप आहेत. तू ये.

तुझा,
दादा