कार्ड आधी, चहा मग

१२ ऑक्टो., रवि. फुलचूर
पाहुणी येऊन गेली. या खेपेला डावी मांडी आणि कंबर. दोन दिवस गरम पाण्याची पिशवी, गोळ्या, आईचा हात. आज उठून माझं मी डोकं धुतलं. सिकलसेलच्या कळा ओसरल्यावर स्वतःच्या हातांनी डोकं धुता येणं हे काय सुख आहे, यावर अजून कुणी ग्रंथ लिहिलेला नाही. लिहायला हवा.

दुपारी नागपूरच्या एजंटचा फोन. टांझानियात म्वांझा म्हणून शहर आहे, मोठ्या तळ्याकाठी. तिथल्या शाळेला वरच्या वर्गांसाठी गणिताची बाई हवी. माझा अर्ज आवडला. नोव्हेंबरात व्हिडिओवर मुलाखत, जानेवारीत त्यांचं वर्ष सुरू.

आई : "आफ्रिकेत वाघ असतेत ना व?"
"वाघ आपल्याकडे, आई. नवेगावात. तिथे सिंह."
"मंग ठीक हाये."

१५ ऑक्टो., बुध. देवरी
खोलीत परत. बारावीचे दोन तास घेतले, आवाज खणखणीत. टेबलावर पाण्याची बाटली भरून ठेवलेली. कोण ठेवतं, मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला पाणी सतत लागतं हे या कॉलेजच्या भिंतींनासुद्धा ठाऊक आहे.

संध्याकाळी पुन्हा एजंट. "मैडम, इंटरव्यू में बीमारी-विमारी की बात मत निकालना. वो पूछेंगे नहीं, तो आप क्यों बताओगे? एक बार पहुँच गये, फिर कौन देखता है."
बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, मी बरं म्हटलं?

१८ ऑक्टो., शनि. गोंदिया
डॉ. कडे. गेली पंधरा वर्षं हेच बघतात मला. वाटलं होतं, नाही म्हणतील. भांडायची सगळी तयारी करून गेले होते, मुद्दे पाठ. त्यांनी वादच घातला नाही.

"जा की. रोजची गोळी चुकवायची नाही, पाणी कमी नको, थंडीत भिजायचं नाही. मलेरिया मात्र तिथला जबर, तुला झाला तर हसण्यावारी नेता येणार नाही. मच्छरदाणी आणि मी देईन ते औषध."
"एवढंच?"
"आणखी एक. त्या भागात हा आजार आपल्याइतकाच घरोघरी आहे. तिथल्या डॉक्टरांना तुला शिकवावं लागणार नाही. तुझं एक भाषण वाचलं."

मी लहान असताना दुसऱ्या एका डॉक्टरने आईला सांगितलं होतं, पोरगी वीस वर्षं पाहील की नाही, सांगता येत नाही. मला छत्तिसावं चालू आहे. उरलेलं आयुष्य फडक्यात बांधून फडताळात ठेवायला मला दिलेलं नाही. वापरायला दिलंय. अकरा वर्षं देवरीत तासिकेवर शिकवतेय, कायम होण्यासाठी किती मोर्चांत बोलले. आता घसा दुसरीकडे वापरू. जग बघायचंय. नव्या पोरांसमोर खडू हातात घेऊन उभं राहायचंय. बस.

२४ ऑक्टो., शुक्र. दवनीवाडा
काल भाऊबीजेला आईच्या माहेरी आलो. आईने अख्ख्या गावाला सांगून टाकलंय. विहिरीपासून किराणा दुकानापर्यंत. "माही वैशाली आफ्रिकेले जाऊन राहिली. मास्तरीन म्हनून."
"आई, अजून मुलाखतसुद्धा झाली नाही."
"तू बोलाले लागली का कोन नाही म्हनते?"
अनारसे तीन खाल्ले. मामी म्हणाली, तिकडे भात भेटते का? भेटतो, बघितलंय मी. ते ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

२ नोव्हें., रवि. दवनीवाडा
मंडई. दिवाळीनंतरची गावजत्रा. जिलेबीचे ठेले, पाळणा, दुपारी दंडारीचा नाचगाण्याचा खेळ. दंडारवाल्यांनी मधे मला पंधरा मिनिटं दिली, दर वर्षी देतात. माझं नेहमीचं : सोयरीक जुळवताना आधी दोघांची सिकलसेल तपासणीची कार्डं. दोन वाट्या घेतल्या, एक आई, एक बाप. प्रत्येकीत धानाचा एक दाणा, लाखोळीच्या डाळीचा एक. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक उचला. धान धान, बरं. धान लाखोळी, तरी बरं, नुसता वाहक. लाखोळी लाखोळी, म्हणजे मी. आईबाप दोघे ठणठणीत वाहक असतात आणि पोर माझ्यासारखं निघतं. चारात एकदा, आणि दर बाळाला पुन्हा पहिल्यापासून.

मग आवाज चढवला. पत्रिकेतला मंगळ लाखो कोसांवरून दिसतो तुम्हाला, नसेतलं रक्त दिसत नाही? मुलगी बघायला गेलात की चहाला हात लावू नका. कार्ड आधी, चहा मग! लपवाल तर नातवंडं रडतील. टाळ्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी रंगात.

तेवढ्यात देवाजी मामा उठले. आईच्या गावचे म्हणून मामा. गेल्या वर्षी माझं भाषण ऐकून त्यांनी ईश्वरची, म्हणजे मुलाची तपासणी करून घेतली. तो वाहक, ठरलेली मुलगीही वाहक. सोयरीक मोडली. तेव्हापासून माझ्याशी वाकडे. एरवी मला भाची म्हणतात, आज मॅडम.

"मॅडम, एक इचारू का?"
"विचारा ना मामा."
"तुमी आफ्रिकेले जाऊन राहिल्या म्हनते. त्या शाळेवाल्याईले कार्ड दाखवलं का?"

दंडारवाल्याने तुणतुणं खाली ठेवलं.
मी म्हणाले, अजून मुलाखत झालेली नाही.
"मंग दाखवनार?"

माईक हातात होता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं वजन जाणवलं. "बघू," म्हणाले. मी! बघू! मागून एक बाई फस्सकन हसली.
मामा खाली बसले. "चहा आधी घेतलन वाट्टे मॅडमनं."
मग सगळेच हसले. मी पण हसले, चेहऱ्याने.

३ नोव्हें., सोम. देवरीच्या एसटीत
रात्रभर उत्तर जुळवलं. सकाळी तयार झालं. नेहमीचंच, सभा संपल्यावर.

नोकरी म्हणजे लग्न नव्हे. लग्नात न जन्मलेल्या पोराचा प्रश्न असतो, इथे कुणाच्या रक्तात काही मिसळत नाही. माझा आजार माझा खाजगी. मधुमेहवाला मास्तर वर्गात शिरताना साखर सांगतो का? आजारी माणसाला कामावर घेताना जगभर नाकं मुरडली जातात, तिथे गप्प राहणं हा दुबळ्याचा हक्क आहे. मुद्दे चोख आहेत. कुठल्याही व्यासपीठावर जिंकेन. मामांनाही गप्प करीन.

फक्त आमगाव आल्यावर कंडक्टरने नेहमीप्रमाणे खिडकीजवळची सीट रिकामी करवून दिली. "बाईले बसू द्या, पाय दुखते तिचा." विचारलं नाही, सांगितलं नाही. आणि मला वाटलं...

५ नोव्हें., बुध. देवरी
परवाचं वाक्य पुरं करते. वाटलं ते हे : इथे मला लपावं लागत नाही. बाटली भरलेली असते. कळ आली की पोरं स्वतःच पुढचं गणित फळ्यावर सोडवायला लागतात, कुणी पळत रिक्षा आणतं. मी इथे सुखात आहे ते त्यामुळे. आजार असूनही नव्हे, झाकलेला नाही म्हणून.

म्वांझाला मी गप्प राहून गेले तर? गोळी बाथरूममध्ये गिळायची. पाय धरला तर मुरगळला म्हणायचं. कधी पडले तर भोवतालच्या माणसांना काय करायचं ठाऊक नसणार. हक्क माझा आहे, मान्य. पण तसं राहायचं नाही मला. मामांना हरवण्यासाठी नाही, माझ्या सोयीसाठी सांगायचं.

एजंटला कळवलं. "मैडम, आप अपना विकेट खुद गिरा रहे हो." गिरने दो, म्हटलं. भीती मात्र खरी आहे. ही नोकरी मला फार हवी आहे. किती, ते आज कळलं.

१९ नोव्हें., बुध. देवरी
मुलाखत झाली. साडेबारा, तिकडे सकाळचे दहा. खोलीत प्रकाश कमी म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसले. शिपाई मावशींनी चहा आणून ठेवला. घेतला नाही.

पडद्यावर मुख्याध्यापिका, साठीच्या, डोक्याला पिवळं फडकं. त्यांनी नमस्कार-चमत्कार संपवायच्या आत मी बोलून मोकळी. मला सिकलसेल आहे. वाहक नाही, रुग्ण. वर्षातून तीन-चारदा आडवी होते. रोज गोळी घेते. शिकवण्यात मी तुम्हाला भारी पडेन, पण काही दिवस माझा वर्ग दुसऱ्या कुणाला सांभाळावा लागेल. आधी हे, मग बाकीचं.

एजंटचा चौकोन कोपऱ्यात होता, त्याने कपाळ धरलं.

मग त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या मुलाला आहे." आणि नंतर, सरळ, "बरं. आता मला शिकवा."

शिकवलं! दोन वाट्या, धान, लाखोळी. संभाव्यता. लाखोळी त्यांना माहीत नव्हती, त्यांनी घरातून राजमा आणवला आणि माझ्याबरोबर डोळे मिटून उचलायला लागल्या. सहाव्या खेपेला दोन्ही राजमे आले. तळहातावर घेऊन पाहिले. मग सातव्यांदा उचलले. ठरलेल्यापेक्षा पाऊण तास जास्त झाला.

शेवटी : मला तुम्ही हव्या आहात, पण मी एकटी ठरवत नाही. व्यवस्थापनासमोर ठेवावं लागेल. काही जण नाही म्हणतील. डिसेंबरात कळवते. आणि तुमचा चहा गार झाला, पिऊन टाका. इकडेही त्याला चायच म्हणतात.

मावशी बाहेर उभ्या होत्या. "झालं का बाई?" "माहीत नाही मावशी." "मंग येवढ्या हसून काऊन राहिल्या?"

७ डिसें., रवि. गोंदिया, वॉर्डात
थंडी पडली आणि पाहुणी आली. छातीत पण. दोन बाटल्या रक्त. आता ठीक. बारावीची पाच जणं देवरीहून एसटीने आली, संत्री आणि न सुटलेली गणितं घेऊन. पलंगावर बसवून सोडवून घेतली. सिस्टर रागावल्या.

म्वांझाहून काही नाही. आई म्हणते, "सांगतलं नसतं त आतापावतर ये म्हनले असते." असेलही. आईशी आज वाद घातला नाही. तिने केस विंचरून दिले.

१४ डिसें., रवि. फुलचूर
घरी. उन्हात खुर्ची टाकून बसले होते, दारात देवाजी मामा. पिशवीत नवा तांदूळ. आईला म्हणाले, पोरीले पेज करून दे. मग माझ्याकडे न बघता, "सांगतलं का मंग?"
"सांगितलं."
"का म्हनलन?"
"अजून उत्तर नाही."
"पाह्य! सांगतलं का असंच होते. माह्या पोराचं नाही का झालं." पण या वेळी जोर नव्हता. पेज पिऊन झाल्यावर हळूच, "भाची, पुढच्या रविवारी ईश्वरले पोरगी पाहाले चाललो, देवरीकडे. तू येशीन का? मले त्याईच्या घरी कार्ड मांगाची लाज वाट्टे. तुले नाही वाटत."
हे मी कौतुक म्हणून घेतलं.

२१ डिसें., रवि. देवरी
सकाळी मुख्याध्यापिकांचा निरोप : बैठक झाली, मत फुटलं, मंगळवारी पुन्हा. एका सभासदाला तुमच्या डॉक्टरांशी बोलायचं आहे. त्यांचा नंबर पाठवा. आणि राजम्याचा तास मी नववीला घेऊन पाहिला, पोरं वेडी झाली.
नंबर पाठवला. डॉ. म्हणाले, येऊ दे फोन, तुझी बाजू मांडायला तू नसशील हे उत्तम.

दुपारी मुलीकडे. मुलगी सुनंदा, नर्सिंगला. ईश्वर कान लाल करून बसलेला. चहाचे कप आत वाजले. मी तोंड उघडणार तोच मामाच उभे राहिले, मंडईत उठले होते तसेच.
"थांबा. चहा नका आनू. आमच्या पोराचं कार्ड हे पाहा, वाहक हाये. तुमचं दाखवा."
मुलीच्या बापाने बायकोकडे पाहिलं. "आमी त तपासलंच नाही."
मामांनी माझ्याकडे पाहिलं, आता तू बोल. आणि माझ्याकडे या वेळचं भाषण नव्हतं. कार्ड नसेल तर काय, ते कधी जुळवलंच नाही.

सुनंदाच ट्रे घेऊन बाहेर आली.
"मी उद्याच तपासून घेईन. आलं बरोबर त या, नाही आलं त नका येऊ. पन इतक्या दुरून आले तुमी, बिना चहाचे कायले बसता? चहा पेल्यानं काही लगन लागत नाही."
ईश्वर पहिल्यांदा वर बघून हसला. मामा म्हणाले, "भाची, आता?"

म्हटलं, घ्या.

घेतला. आलं जरा जास्त होतं. मी दुसरा कपही मागितला.