केबलवर गायलेले धवले

नवीन पनवेल,
२० फेब्रुवारी १९९६

प्रिय नीता,

या पत्रासोबत एक व्हिडिओ कॅसेट पाठवतो आहे. ती लावण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाच, एवढं माझं ऐक. आम्ही सगळे बरे आहोत. निकेशची बारावी जवळ आली आहे, पण गेल्या रविवारी त्यालाही अभ्यासाला सुट्टी दिली, कारण त्या दिवशी तुझी आई टीव्हीवर आली. हसू नकोस, खरंच आली. दूरदर्शनवर नव्हे, आपल्या केबलवाल्याच्या चॅनेलवर. ते तुम्हा बडोद्याच्या लोकांना दिसणार नाही, पण इथे दर रविवारी सकाळी दहाला 'पनवेलचे कलावंत' लागलं की कॉलनीतल्या खिडक्याखिडक्यांतून एकच आवाज ऐकू येतो. आजवर त्यात गाण्याचे क्लास, नाटकाच्या तालमी, रांगोळ्यांची प्रदर्शनं दाखवली. आपल्या तळमजल्यावरचे कमळाकर गुरुजी नाट्यगीतं म्हणायला तीनदा येऊन गेले. आपल्या आगऱ्यांचं मात्र कधी काही आलं नव्हतं.

कार्यक्रम करणाऱ्या सुनीता मॅडम शाळेत संगीत शिकवतात. सुकापूरच्या एका लग्नात त्यांनी धवले ऐकले आणि ते गाणाऱ्या धवलारणीला विचारलं की तुम्ही हे शिकलात कुणाकडे. तिने तुझ्या आईचं नाव सांगितलं. पत्ता शोधत मॅडम आपल्या दारात आल्या. मी दार उघडलं आणि त्यांनी विषय काढताच म्हणून गेलो, "ती आता गात नाही, सोडलं तिने सगळं." खोटं नव्हतं ते. बंदरात नोकरी लागून आपण गाव सोडून इथे राहायला आलो, तेव्हापासून ती कुठल्या मांडवात गेलेली नव्हती. पण आतून ती भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "कोन म्हनतं सोरलं? मना कोनी बोलवलंच नाय. बसा बाई, च्या ठेवते." माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

शूटिंग केबलवाल्याच्या ऑफिसात होतं, बाजारातल्या एका दुकानावर. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या. तिने काठापदराचं हिरवं लुगडं नेसलं होतं, आपल्या पद्धतीने, गुडघ्यापर्यंत. इथे आल्यापासून ती पाचवारीच नेसते, त्यामुळे मीही क्षणभर बघत राहिलो. कॅमेरावाला निनाद भला माणूस, पण त्याने सांगितलं की एक छोटंसं, तीन मिनिटांत संपेल असं गाणं म्हणा. त्यावर ती म्हणाली, "तीन मिन्टांत मांडव उभा नाय राहायचा, बाबा. आमी तीन दिवस गातो, कागूद नाय लागत आमाला." मॅडमनी निनादला कॅमेरा चालूच ठेवायला सांगितला. मग ती गायली, नीता. आधी देवांना लग्नाचं आवतण दिलं, गावदेवीला, खाडीतल्या देवाला, मिठागराच्या बांधावरच्या म्हसोबाला, एकेकाला नाव घेऊन. मग मांडवाचा खांब, मग हळद, मग तांदूळ. पेटी नाही, तबला नाही. तिची आत्या गायची तसाच सपाट, लांब चालत जाणारा सूर. निनादने दुसरी कॅसेट घातली तेव्हा कुठे मला कळलं, की पाऊण तास उलटून गेला आहे.

रविवारी मॅडमनी त्यातलं एक अक्षर न कापता सगळं दाखवलं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम सव्वा तास चालला. मध्येच दाराची बेल वाजू लागली. कोन गावाहून टेम्पो करून बायका आल्या, त्यांच्याकडे केबल पोचलेली नाही म्हणून. आपल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कार्यक्रम संपल्यावर कमळाकर गुरुजी वर आले आणि त्यांनी तुझ्या आईला वाकून नमस्कार केला. म्हणाले, "इतकी वर्षं मी तुमच्या खालीच राहतो आणि मला हे माहीत नाही, म्हणजे काय म्हणायचं!" ती इतकी लाजली की उठून आतच गेली. उरणहून तुझ्या मामाचा फोन आला, तो रडतच होता. आता दर गुरुवारी दुपारी आठजणी तिच्याकडे शिकायला येणार आहेत. त्यात एक मॅडम स्वतः. काल बँकेत रांगेत एकाने मला विचारलं, "ते धवलेवाल्या बाईंचे मिस्टर तुम्हीच ना?" बंदरातली माझ्या हुद्द्याची पाटीही मला कधी एवढी मोठी वाटली नव्हती, जेवढी ही ओळख वाटली.

आता कॅसेटमधलं एक ठिकाण सांगतो. हळदीचा धवला गाताना नवरा-नवरीची नावं घ्यावी लागतात. मॅडम म्हणाल्या, कुठलीही घ्या. तुझ्या आईने 'नीता' म्हटलं आणि 'सुशांत' म्हटलं. सासूसासऱ्यांची नावं घेतली, माझं घेतलं. ते शब्द तिने त्या खोलीत जुळवलेले नव्हते. तुझं लग्न ठरलं तेव्हाच जुळवून ठेवले होते. गाणं झाल्यावर मॅडमनी सहज विचारलं की मुलीच्या लग्नात हेच गायलात का. मी कॅमेऱ्याच्या मागे उभा होतो. ती म्हणाली, "नाय, तवा माजा घसा बसला होता."

तिचा घसा बसला नव्हता, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी ती सगळ्यांशी बोलत होती, फक्त गायली नाही. तू स्वतः सुशांतला निवडलंस म्हणून आई मनातून रागावली, असं तू पहिल्या दिवाळीच्या पत्रात मला लिहिलं होतंस आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. खरं असं आहे की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती, तेव्हा मी तिला सांगितलं की सुशांतकडची पुण्याची माणसं येणार, हॉलमध्ये हे गावठी काही नको, मला मान खाली घालायला लावू नकोस. तिने सूप बाजूला ठेवलं. सहा वर्षांत तिने हे तुलाही सांगितलं नाही. मी पनवेलभर तिचा अभिमान मिरवतो आहे आणि तिने साऱ्या पनवेलसमोर माझं झाकलं. घरी येऊन मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माजी कशाला मागता? पोरीला लिवा." म्हणून लिहिलं. कॅसेट बघून झाली की आईला फोन कर. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव.

तुझाच,
बाबा