घाम जिरेपर्यंत

चैत्र वद्य सप्तमी, बऱ्हाणपूर

आज गोदूताईचं धाडस पाहिलं. तिचा तांब्यावरचा हात अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

भर दुपारी अण्णा शाहपुराहून बैलगाडीने आले. सदरा घामाने चिंब. आले ते थेट न्हाणीत, गार पाणी घ्यायला. गेल्या उन्हाळ्यात अशीच आंघोळ करताना चक्कर येऊन पडले होते. मला ते आठवलं, पण वडिलांना अडवायची छाती झाली नाही. कचेरीत साहेबापुढे बोलतो, मग घरातच का गप्प?

ताईने मात्र तांब्यावर हात ठेवला. “अण्णा, आधी घाम जिरू द्या. मग खुशाल न्हा.”

“मुलींच्या शाळेत शिकवतेस, आता बापालाही शिकवणार?”

“हो.”

एवढंच. तांब्यावरचा हात तिने काढला नाही. अण्णा धुसफुसत ओसरीवर बसले, घटकाभराने न्हाले आणि ताजेतवाने होऊन जेवले.

ताई स्वतः पहाटे गार पाण्याने न्हाते, तरतरी येते म्हणून. मला कचेरीतून आल्यावर, घाम जिरला की न्हायला लावते. खरंच, हल्ली डोकं दुखत नाही आणि झोपही शांत लागते.

दिवेलागणीआधी शेजारचे तात्या मळ्यातून घामाघूम आले आणि न्हायला म्हणून आडात पोहरा सोडू लागले. अण्णा ओसरीवरून ओरडले, “तात्या, जरा दम घ्या! आमची मास्तरीण रागावेल.”

मास्तरीण! आजवर हा शब्द त्यांच्या तोंडी टोमणाच असायचा. आज त्यात कौतुक होतं.

आत ताई भाकरी थापत होती. तिचा हात थांबल्याचं मला बाहेर ऐकू आलं.