दोन गाड्यांच्या दोन फुल्या

॥ श्री ॥
पांढुर्णा, दि. ९ नोव्हेंबर २०२४

चि. सायलीस, आबाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला अठरा दिवस लावले, राग मानू नको. फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून तू नागपुराहून मुद्दाम पत्र लिहिलंस, अन् मीच बसून राहिलो. आजारी नव्हतो. तुझं गणित सोडवून राहिलो होतो.

आयुष्य रेल्वेच्या फाटकावर गेलं तुमचं, तुम्हाला नाही तर कोणाला विचारू, असं तू थट्टेनं लिहिलंस. मी ते खरंच धरलं. एक गाडी एकशेवीस मीटर, दुसरी एकशेऐंशी, समोरासमोरून येऊन राहिल्या. एकीचा वेग ताशी चोपन्न किलोमीटर, दुसरीचा छत्तीस. एकमेकींना ओलांडायला किती सेकंद? तुझं उत्तर पाचाच्या आत येतं, पुस्तकात बारा आहे.

मी पाचवी शिकलेला. उलटंसुलटं सांगितलं तर काय होईल, या धाकानं दोनदा लिहिलेलं फाडलं. राजू म्हणाला, आबा, पोरीच्या डोक्यात भलतं घालू नका, ही तिची शेवटची खेप आहे. रेल्वेच्या भरतीत तिसऱ्यांदाही राहिली तर सौसरला मुकुंदमामाच्या खताच्या दुकानात बसेल. तुझा बाप वाईट नाही. पण मागच्या खेपेला दोन मार्कांनी गेलीस, तेव्हापासून त्यालाही झोप नाही.

शेवटी खाटेवर काडेपेटीच्या काड्या मांडल्या. दहा मीटरला एक काडी. बारा काड्यांची एक गाडी, अठराची दुसरी. तोंडाला तोंड लावलं अन् सरकवत गेलो. शेपटाला शेपूट सुटेपर्यंत तीस काड्या सरकल्या. तू बाराच मोजल्या असशील. वेगाची बेरीज तू बरोबर केलीस, पण दुसऱ्या गाडीची लांबी विसरलीस. माझं चुकत असेल तर तुझ्या सरांना विचार, पण माझं नाव सांगू नको.

हे मला काड्यांनी नाही, तुझ्या आजीनं शिकवलं. कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो. राजू तेव्हा रांगत होता. दोन्ही बाजूंनी गाड्या यायच्या होत्या, स्टेशनातून मला तशी वर्दी होती. मालगाडी गेली, तिच्या शेवटच्या डब्यावरची फुली, म्हणजे गाडी पुरी गेल्याची खूण, मी पाहिली अन् फाटक उघडायला चाकाला हात घातला. दुसरी गाडी मालगाडीच्या आड होती. आजी भाकर घेऊन आली होती. तिनं मनगट धरलं अन् म्हणाली, "हात थांबवा, दुसरीची फुली गेली नाही अजून." पलीकडे संत्र्यांची बैलबंडी उभी होती, वर दोन लेकरं. त्या दिवसापासून मी दोन फुल्या मोजत आलो. इंजिन पाहून गाडी गेली म्हणायचं नाही, पोरी.

आजीचे उपकार मी तिला कधी बोलून दाखवले नाहीत. तू विचारलंस म्हणून निदान लिहिता आलं.

तुझा
आबा


नागपूर, दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. आबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं, मग वहीत रूळ आखले. ताशी नव्वद म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर, अन् तीनशेला पंचवीसनं भागलं की बारा. एवढंच होतं. दोन वर्षं मी आपल्याच गाडीत बसून गणित करत होते. तुम्ही खाली उतरवून फाटकाजवळ उभं केलंत.

एकाच दिशेच्या गाड्या मग माझ्या मीच सोडवल्या. तिथे वेगांची वजाबाकी. त्याच दोन गाड्यांना बारा सेकंदांऐवजी पुरा एक मिनिट लागतो. सरांनी रीत कुठून शिकलीस विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. आता रागवा.

आजीचं वाचून खूप रडले, पण फोनवर आईला काही बोलले नाही. बाबांना मात्र तुम्हीच सांगा. ते ऐकतील.

पेपर आठ डिसेंबरला आहे. काड्या जपून ठेवा, अन् आईला चुलीसाठी देऊ नका.

तुमची लाडकी
सायली


नागपूर, दि. २५ जानेवारी २०२५

ती. आबांना सा. न. वि. वि.

निकालाचं बाबांनी तुमच्या कानाशी ओरडून सांगितलंच असेल. कट-ऑफच्या वर सव्वा मार्कानं निघाले. तो सव्वा मार्क कुठला, ते तुम्हाला लिहायचं होतं.

आपलंच गणित आलं, पण उलटं. समोरासमोरच्या दोन गाड्या, वेग चाळीस अन् पन्नास, एकमेकींना ओलांडायला चौदा सेकंद. एक गाडी दीडशे मीटरची, तर दुसरी किती? चौदा गुणिले पंचवीस, साडेतीनशे. पर्यायांत साडेतीनशे होतं. बोट त्यावर गेलंही. अन् आबा, आजी बोलल्यासारखी वाटली. हात थांबला. साडेतीनशे ही दोघींची मिळून लांबी होती. त्यातून पहिलीचे दीडशे गेले की दुसरी दोनशेची. तेच टिपलं. चुकलं असतं तर तो एक मार्क जाऊन वर तिसरा हिस्सा कापला असता, अन् मी राहिले असते.

आईनं नंतर सांगितलं की पेपरच्या सकाळी तुम्ही न जेवता तिगावकडच्या जुन्या फाटकापाशी जाऊन बसलात अन् बाबा तुम्हाला मोटारसायकलवर बसवून परत घेऊन आले. थंडीत असं करू नका. पण गेलात याचं बरं वाटलं.

कागदपत्रं तपासायला पुढच्या महिन्यात बोलावलं आहे. मुकुंदमामांना म्हणावं, दुकानात दुसरं कोणी पाहा.

तुमची
सायली


॥ श्री ॥
पांढुर्णा, दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. सायलीस, आबाचे अनेक आशीर्वाद.

राजू ओरडला तेव्हा मला वाटलं घरात कोणी पडलं. मग तुझी आई अलका पेढा घेऊन आली, तेव्हा समजलं.

पेपरच्या त्या सकाळी फाटकापाशी राजूला सगळं सांगून टाकलं. भिऊन सांगितलं. तो म्हणाला, आबा, तरीच आई गाडी गेल्यावरही माझं बोट सोडत नव्हती. परत येताना आम्ही दोघं थांबलो, दोन गाड्या जाऊ दिल्या. फुल्या त्यानं मोजल्या.

एकाच दिशेच्या गाड्यांचं तू लिहिलंस, ते मला आधीच माहीत होतं. मोहगावच्या बाजाराला तुझी आजी दहा पावलं पुढे चालायची, मी मागे. दोघांची चाल सारखी, म्हणून गाठ कधी पडली नाही. आता ती थांबली आहे अन् मीच चालून राहिलो, तेव्हा आज ना उद्या पडेलच. पण घाई नाही. तुझी नेमणूक पाहून मग. तिला सांगायला काही तरी न्यावं लागेल.

दाखले नीट जोड. जन्माचा अन् जातीचा वेगळ्या पिशवीत ठेव. गाडीत पिशवी मांडीवर घे, वर ठेवू नको. मला रात्रंदिवस तोच घोर आहे.

कागद तपासून झाले की त्याच दिवशी दोन ओळी टाक. माझ्यासारखे अठरा दिवस लावू नको.

तुझा
आबा